कमानबाई आणि कांद्याची साल

“सभागृहाचे कमानीचे छत हे वास्तुरचनाकार बाईंच्या हौसेचे फळ होते. आकडेमोडीतील चुकीमुळे वर्षभरातच त्याला तडा गेला. बाईंनी जबाबदारी न घेता मुंबई सोडली. अखेर तत्कालीन कार्याध्यक्षांनी समयसूचकता दाखवून छताखाली लोखंडी तुळई बसवली, आणि म्हणूनच ते सभागृह आज उभे आहे.”

आमच्या मुलुंडच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. त्यातली विरामचिन्हे बरोबर आहेत. बाकीच्या गोष्टींबद्दल मला बोलायचे आहे. मी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवले, तिथूनच निवृत्त झालो. छत बांधले गेले, तडकले आणि सावरले, त्या प्रत्येक वेळी मी तिथे हजर होतो. स्मरणिकेचा संपादक शिरीष त्या वेळी नववीत होता आणि प्रार्थनेला डोळे मिटून उभा असे, निदान मिटल्यासारखे करून. मृत माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. बाई गेल्या त्यालाही आता काही वर्षे झाली. तेव्हा हे काम माझ्याकडे आले आहे, आणि मला ते करायला आवडते, हेही लपवत नाही.

त्यांना सगळे कमानबाई म्हणत. त्या वर पाहत चालत. कोणत्याही इमारतीत शिरल्या की माणसांकडे नजर जायच्या आधी त्यांची नजर छताकडे जाई. आमच्या शाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा कार्यालयाच्या उंबऱ्याला अडखळल्या, मुख्याध्यापकांच्या टेबलाचा आधार घेऊन सावरल्या, आणि नमस्कार करण्याऐवजी म्हणाल्या, “तुमच्या तुळईला पोट सुटलंय.” मुख्याध्यापकांनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिले, मग वर. तुळई खरोखरच मधोमध खाली झुकली होती. इतकी वर्षे आम्ही तिच्याखाली बसून मुलांना निरीक्षणाचे महत्त्व सांगत होतो.

बाईंचे वडील गिरणीत होते. घर घाटकोपरला, डोंगराच्या उतारावर, गाव मालवणाकडचे. शिक्षण शिष्यवृत्तीवर झालेले. पण या गोष्टींचे त्यांनी कधी भांडवल केले नाही आणि विनयाचे सोंगही आणले नाही. आपल्याला आपले काम येते हे त्या जेवायला वाढावे इतक्या सहज सांगत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी. कार्यालयात त्यांची मराठी माझ्याइतकी शुद्ध असे. राग आला की मालवणी उतरे, आणि मग समोरच्याने वाद घालण्यात अर्थ नसे.

छत कमानीचे का झाले, याचे उत्तर ‘हौस’ हे नव्हे. सिमेंट परवान्यावर मिळण्याचे ते दिवस होते. लोखंडाच्या सळ्यांसाठी संस्था वर्षभर खेटे घालत होती. वीट मात्र हवी तेवढी मिळत होती. बाईंनी कार्यकारिणीपुढे सांगितले की सभागृहाचे छत नुसत्या विटांचे, लांबच लांब कमानीसारखे बांधता येईल. सळी लागणार नाही. यावर कार्याध्यक्ष हसले. ते शाळेचे मोठे आधारस्तंभ. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लोखंडी खिडक्या-दरवाज्यांचा कारखाना होता आणि लोखंडावाचून काही उभे राहते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“बाई, हा तर बोगदा झाला,” ते म्हणाले. “यातून गाडी सोडणार आहात का?”

“सोडू की. तुम्ही शिट्टी मारा.”

सभेत हशा झाला. कार्याध्यक्षांना तो आवडला नाही. माझे आणि त्यांचे तेव्हा बोलणे नव्हते, प्रयोगशाळेच्या जागेवरून आमचा उभा दावा होता. त्यामुळे मला तो फारच आवडला. पण बाईंचे समाधान हशावर होत नसे. त्यांनी मला आणि कार्याध्यक्षांना उभे केले, समोरासमोर. “दोन पावलं मागे. आता हात पुढे करा आणि एकमेकांच्या तळव्यांवर रेला. अजून. घाबरता काय, पुढारी ना तुम्ही?” ज्या गृहस्थांशी मी बोलतही नव्हतो, त्यांच्या तळहातांवर मी सगळा भार टाकून तिरका उभा होतो, आणि ते माझ्या. मग बाईंनी आपली जडशीळ शबनम माझ्या खांद्यांवर ठेवली आणि हजेरीपटांचा गठ्ठा त्यांच्या. आश्चर्य असे की आमचे हलणारे पाय त्या ओझ्याने स्थिर झाले.

“ही कमान,” बाई सभेला म्हणाल्या. “तिला दोन भांडखोर लागतात. दोघांनी एकमेकांना रेटत राहायचं. त्यातला एक सज्जन निघाला आणि बाजूला झाला, की संपलं. आणि खांद्यावर वजन असेल तर ती बिथरत नाही. हे लक्षात ठेवा. वजन माथ्यावर नको, खांद्यावर.”

ठराव मंजूर झाला. ‘खांद्यावर’ हा शब्द मी त्या दिवशी ऐकला, कार्याध्यक्षांनी ऐकला, सभेतल्या प्रत्येकाने ऐकला. पुढे जे घडले त्या वेळी तो फक्त बाईंना आठवला.

शब्दांच्या बाबतीत बाईंचा आणि माझा कायमचा वाद. इंग्रजीत कमानीला एक शब्द आहे आणि कमानीच्या लांबलचक छताला दुसरा. मराठीत गवंडी दोन्हींना कमानच म्हणतात. मी ‘वक्रछत’ असा शब्द सुचवला आणि मला तो चांगला वाटत होता. बाई म्हणाल्या, “सर, वक्र म्हटलं की शनीची दृष्टी आठवते. मुलं आत यायची नाहीत.” त्यांची स्वतःची व्यवस्था साधी होती. कमान जागच्या जागी उभी असते. ती नाकासमोर चालत गेली की आपल्या सभागृहासारखे छत होते, म्हणून ती ‘चालती कमान’. तीच स्वतःभोवती गिरकी घेऊ लागली की घुमट होतो, म्हणून ‘फिरती कमान’. हे कोणत्याही परिभाषाकोशात बसणारे नाही, असे मी त्यांना ऐकवले. त्या म्हणाल्या, “कोशात बसवायचंच नाहीये. मचाणावर बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे.” कमान हा शब्द मुळात फारसी आहे, धनुष्यावरून आला, असेही मी एकदा विद्वत्तेने सांगितले. “असू दे की,” त्या म्हणाल्या. “भिंतीत बसलेल्या विटेला कोणी विचारतं का, तुझी भट्टी कुठली म्हणून?” या वादात मी हरलो असे मी आजही मानत नाही. पण आमचे गवंडी शेवटपर्यंत ‘चालती कमान’च म्हणत होते, हे नमूद करतो.

प्रवेशदारावरच्या दगडी कमानीचे मात्र वेगळेच झाले. तिच्या मधल्या दगडाला चावीचा दगड म्हणतात, तो बसला की कमान पुरी होते. कार्याध्यक्षांची इच्छा होती की त्या दगडावर त्यांचे नाव कोरावे. बाईंनी विचारले, “नाव त्यावरच का?” ते म्हणाले, “सगळा भार तोच घेतो ना?” बाईंनी हात जोडले. “साहेब, भार सगळेच घेतात. तो शेवटी येतो, म्हणून त्याचा मान, लग्नातल्या मामासारखा. कुठलाही एक काढा, चावी तीच.” दगड कोराच राहिला. कार्याध्यक्षांनी ते मनात ठेवले. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही, क्रम म्हणून लिहितो.

विटांखालचा लाकडी साचा काढण्याच्या दिवसाचीही एक दंतकथा शाळेत ऐकू येते. म्हणे बाई छताखाली खुर्ची टाकून बसल्या आणि चहा पीत राहिल्या. हे धादांत खोटे. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढले, स्वतःही बाहेर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा तापकऱ्यासारखा झाला होता. कोणीतरी म्हणालेच, “बाई, तुमचाच विश्वास नाही वाटतं?” त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला दंतकथेपेक्षा मोठे वाटते. “विश्वास आहे. भीतीपण आहे. शूर दिसायचे पैसे मला मिळत नाहीत.” साचा निघाला. छत जागचे हलले नाही. बाई आत गेल्या, मान मागे टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत वर पाहत चालत गेल्या, आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकल्या.

आता तडा.

कमानीच्या छताच्या दोन्ही अंगांना, ते जिथे उतरून बाहेरच्या भिंतीला मिळते तिथे, एकेक खोलगट पन्हळ राहते. हेच तिचे खांदे. बाईंनी तिथे विटांचे तुकडे आणि मुरूम गच्च भरून घेतला होता. वर चढून पाहणाऱ्याला वाटावे, बांधकामातला कचरा उचलायचा राहून गेला आहे. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कार्याध्यक्षांनी पालकांचे श्रमदान ठरवले. आमचे बहुतेक पालक कोकणातले, गिरण्यांतून नोकरी करणारे. पावसाळा तोंडावर आला की घराची शाकारणी करायची, कौले उतरवायची, पाचोळा झाडायचा, छप्पर हलके करायचे, हे त्यांच्या हाडात. कोणी वाईट हेतूने काही केले नाही, हे मी ठासून सांगतो. त्यांनी आपल्या घराचे करावे तसे शाळेचे केले. रविवारी सकाळी चढले, दोन्ही खांदे खरवडून स्वच्छ केले, भरलेला ट्रक रवाना झाला, आणि खाली सर्वांनी पोहे खाल्ले. कार्याध्यक्षांनी आभाराच्या भाषणात सांगितले की छताच्या डोक्यावरचे ओझे उतरले.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थनेच्या वेळी एका मुलीच्या वेणीवर चुना पडला. वर पाहिले तर माथ्याच्या बरोबर मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, केसासारखी रेघ. दोन दिवसांत ती दोऱ्यासारखी झाली. मुलांना व्हरांड्यात हलवले. कार्याध्यक्षांनी तातडीची सभा घेतली आणि छत पाडण्याचा ठराव मांडला. “मी आधीच म्हणालो होतो,” हे त्यांचे वाक्य त्या ठरावात नव्हते, पण इतिवृत्तात येईल इतक्या मोठ्याने ते बोलले.

बाईंना निरोप गेला तशा त्या आल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा छताकडे न पाहता जाताना पाहिले. सभागृहात त्या गेल्याच नाहीत. थेट शिडीने वर चढल्या.  वरून जो आवाज आला तो सगळ्या आवारात ऐकू गेला.

“मेल्यांनो, खांद्यावरचा वजन कित्याक काढलात? तुमका कोणी सांगल्यान?”

खाली उभ्या असलेल्या पालकांपैकी एक वयस्क गृहस्थ गोंधळून म्हणाले, “बाय, पावसाआधी शाकारूक नको?”

“ह्या काय कौलांचा घर आसा?”

ते गृहस्थ खरोखर विचारात पडले. बाईंचाही राग तिथेच सरला. खाली येऊन त्यांनी मुलांना सांगावे तसे त्यांना सांगितले. कौलाचे घर ओझ्याने वाकते, म्हणून त्याचे ओझे काढायचे. कमान उलटी. खांदे मोकळे झाले की ते वर उठू पाहतात आणि माथा खाली बसू लागतो, म्हणून तडा माथ्याला. “आकडे चुकलेले नाहीत,” त्या कार्याध्यक्षांकडे वळून म्हणाल्या. “आकड्यांतला एक आकडा तुम्ही ट्रकमधून पाठवून दिलात.”

“मग आता?”

“आता परत भरायचं. आज. पाऊस यायच्या आत.”

मुरूम कुठला आणणार? बाईंनी मैदानाकडे बोट दाखवले. पालकांनी आणि शिक्षकांनी मैदानाचा पश्चिमेचा कोपरा खणला, माती पोत्यांत भरली, पोती दोरांनी वर चढवली. खेळाच्या शिक्षकांची शिट्टी बाईंनी मागून घेतली आणि टोकाच्या भिंतीवर उभ्या राहिल्या. एक शिट्टी: डाव्या खांद्यावर एक पोते आणि त्याच क्षणी उजव्या खांद्यावर एक. पुन्हा शिट्टी. एका बाजूच्या मंडळींनी घाईने दोन ठेवली तर एक उचलायला लावले. कार्याध्यक्षांना ‘शिट्टी मारा’ म्हणालेल्या बाई शेवटी स्वतःच शिट्टी मारत होत्या, हे मला तेव्हाच सुचले होते, पण बोलण्याची वेळ नव्हती. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तेव्हा खांदे भरलेले होते. स्मरणिकाकारांनी एकदा मैदानात जाऊन पाहावे. तो कोपरा आजही खोलगट आहे, आणि तिथे पाणी साचते म्हणून प्रत्येक नवा मुख्याध्यापक महापालिकेला दोष देतो.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या प्रयोगशाळेत आल्या. “सर, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता ती काचपट्टी द्या. एकच.”

“कशाला?”

“तड्यावर आडवी चिकटवायची. दोन्ही टोकं दोन बाजूंना पक्की. तडा केसभर जरी वाढला ना, तरी काच ताणली जाऊन फुटते. काच खोटं बोलत नाही.”

कोऱ्या पट्ट्या संपलेल्या होत्या. मांडणीवर विद्यार्थ्यांना दाखवायला मी स्वतः तयार केलेला कांद्याच्या सालीचा नमुना होता, पेशींचा विटांसारखा बांधीव पट्टा दाखवणारा. कोपऱ्यात माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. साल थोडी वाकडी बसली होती आणि एका टोकाला हवेचा बुडबुडा राहिला होता. बाईंनी तोच उचलला. मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, “राहू दे हो तुमचा कांदा तिथं. पेशीपण बघतील जरा, वर कसं असतं ते. आणि ही फुटली तर मी खोटी. मग पाडा खुशाल.”

त्यांनी स्वतः शिडीवर चढून ती पट्टी माथ्याच्या तड्यावर गच्च बसवली. पुढचे दोन पावसाळे ती पट्टी शाळेची देवता होती. प्रार्थना संपली की पाचशे माना वर जात. जिम्नॅस्टिकला देखील एवढी शिस्त नव्हती. काच शाबूत होती. मुले सभागृहात परतली. बाई दर महिन्याला येत, वर पाहत, मला म्हणत, “कांदा बरा आहे,” आणि जात.

यावर कार्याध्यक्षांनी सभेत जे म्हटले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण ते गेल्यावर त्यांच्यावर अन्याय नको: “काच काय, मागच्या दाराने येऊन कोणीही बदलू शकतो.” बाई त्या सभेत नव्हत्या. मी होतो. मी उभा राहून जे बोललो ते इतिवृत्तात घेतले गेले नाही.

बाईंनी मुंबई सोडली हे खरे आहे. जबाबदारी टाळून सोडली हे खोटे आहे. त्यांचे वडील गिरणी सुटल्यावर गावी परतले होते, आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. बाईंना भाऊ नव्हता. त्या एका शनिवारी निरोप घ्यायला आल्या. आम्हा शिक्षकांशी दोन शब्द बोलल्या आणि सभागृहात मात्र बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर पडताना मी विचारले, “काही निरोप?” त्या म्हणाल्या, “खांदे कोणाला साफ करू देऊ नका. आणि भांडत राहा, सर. तुम्ही गप्प बसलात तर ही शाळा एका बाजूला कलंडेल.” पुढे त्यांनी तिकडे शेजारपाजाऱ्यांची घरे बांधली, गोठे बांधले, एका ओढ्यावर दगडी साकव बांधला, असे कळत राहिले. भेट पुन्हा झाली नाही.

त्या गावी गेल्यानंतरच्या मे महिन्याच्या सुटीत कार्याध्यक्षांनी माथ्याच्या रेघेखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी तुळई घातली आणि तिच्याखाली सभागृहाच्या मधोमध खांब उभे केले. लोखंड त्यांनी आपल्या कारखान्यातून विनामूल्य दिले, हे मी मान्य करतो. मला काळजी काचेची होती. कामगारांनी तुळई आणि छत यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोकल्या आणि काच होती तिथेच दोन पाचरींच्या मध्ये राहिली. तुळईआड झाकली गेली, खालून दिसेनाशी झाली. मी त्यांच्या गावातल्या दुकानाच्या फोनवर बाईंना गाठले आणि संतापून सगळे सांगितले. त्या हसल्या. “घालू दे हो. धडधाकट माणसाच्या हातात काठी दिली म्हणून तो लंगडा होत नाही.” “पण लोक त्यालाच लंगडा म्हणतील,” मी म्हणालो.  “म्हणतील,” त्या म्हणाल्या.

आणि म्हटलेच. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्या खांबांना धडकत शिकली, की हे खांब आहेत म्हणून छत आहे. स्मरणिकेने ते छापले. कार्याध्यक्षही वारले. त्यांच्या शोकसभेत माझ्या तळहातांना एकाएकी ती जुनी सभा आठवली, समोरून आलेला तो दाब. आता समोरून रेटणारे कोणी राहिलेले नाही. म्हणून कदाचित मी छापील मजकुराशी भांडतो.

या वर्षी तुळई गंजून तिचे पापुद्रे मुलांच्या डब्यांत पडू लागले, तेव्हा नव्या कार्यकारिणीने ती उतरवून दुसरी बसवायचे ठरवले. मी कळवले की ती उतरेल तेव्हा मी हजर राहीन. शिरीष मला घ्यायला रिक्षा घेऊन आला. वाटेत म्हणाला, “सर, रागावलात ना स्मरणिकेवरून? मी जे जुन्या भाषणांत होतं तेच घेतलं.”

“तेच तर.”

“आणि तुम्ही शिडीवर चढायचं नाही हां. पडलात ना, तर माझी वाट लागेल.”

“माझी नाही का लागणार?”

“तुम्हाला काय होतंय! तुम्ही भांडून परत याल.”

मी हसलो, पण मला घाम सुटला होता. सरळच लिहितो. इतकी वर्षे मी जे सांगत आलो, त्याचा पुरावा एका गंजक्या लोखंडाच्या आड होता आणि मी तो पाहिलेला नव्हता. काच फुटलेली निघाली असती तर तडा पुढे वाढला होता असे ठरले असते, तुळईच तारणहार ठरली असती, आणि बाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हटले होते, ‘फुटली तर मी खोटी.’ त्यांना खोटे ठरवण्याच्या कामाला मी स्वतःच्या पायांनी चाललो होतो.

खांब निघाले. तुळईचे तुकडे करून उतरवले. सभागृह एकदम मोठे आणि मोकळे झाले, आम्ही पहिल्यांदा पाहिले होते तसे. शिरीष विजेरी घेऊन शिडीवर चढला. मी खाली बाकावर बसलो. वर तो बोटाने धूळ पुसत होता.

“सर, काहीतरी आहे. चिकटवलंय दोन्ही बाजूंनी.”

“वाच.”

“अं... ‘कांद्याची साल’. सर, हे तर तुमचं अक्षर! ‘क’ तसाच, फळ्यावर काढायचात तसा.”

“साल कशी आहे?”

“वाकडी. आणि कडेला एक बुडबुडा.”

मला आता एकच प्रश्न विचारायचा होता. शिरीषनेच मग विजेरी तिरपी धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले, पुन्हा फिरवले. खाली पाहिले तेव्हा तो नववीतल्यासारखा हसत होता. त्याने सांगितले. मी पाणी मागितले, ते प्यालो, आणि कितीतरी वर्षांनी मान मागे टाकून त्या छताकडे नुसते पाहत बसलो. छाती हलकी झाली होती. कोणाशी भांडावेसेही वाटेना, आणि ही माझ्यापुरती फार दुर्मीळ अवस्था आहे.

ती फार वेळ टिकली नाही, म्हणून हा लेख. नवी तुळई बसवायची की नाही ते अभियंते तपासून ठरवोत. तो माझा वाद नाही. माझा वाद स्मरणिकेशी आहे. काच तुळईच्या मागे होती, म्हणजे तुळईच्या आधी बसलेली होती. चिठ्ठी माझी आहे, म्हणजे कोणी काच बदललेली नाही. आणि तुळई उतरल्यावरही ती अखंड आहे.